ऐकायला बसणाऱ्या शैलाताई

मेथी निवडत होते तेव्हा फोन आला. भोपाळहून शैलाताईंचा मुलगा बोलत होता. "मावशी, आई नहीं रही…" त्याला मराठी सगळी समजते, पण बोलताना हिंदीच येते. मावशी आणि आई एवढेच शब्द त्याच्या तोंडी मराठीत राहिलेत. डोळ्यांचं ऑपरेशन करून महिनाभरात येते, असं सांगून ताई त्याच्याकडे गेल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं, आणि नंतर एका पहाटे झोपेतच गेल्या. मी "अच्छा बेटा" म्हणून फोन ठेवला आणि परत निवडायला बसले. बऱ्याच वेळानं पाहिलं, तर पानं टाकून देत होते आणि काड्या ताटात जमवत होते.

त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी मी मागे सरते. पण ताईंबद्दल मराठीत बोलावं असं गल्लीत आता कुणी उरलं नाही, म्हणून कागदाशी बोलते आहे.

आमचं घराणं झाशीत कितीतरी पिढ्यांचं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ताई साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान इथल्या कारखान्यात होते, आणि कारखान्याच्या कॉलनीतली बालवाडी ताई चालवायच्या. यजमान निवृत्त झाल्यावर त्यांनी दतिया गेटपाशी, आमच्या अगदी समोरच घर घेतलं. तेव्हा माझी रेवा दुसरीत होती. शाळेत बोलावलं म्हणून गेले, तर मॅडम म्हणाल्या, "बच्ची पढ़ने में अटकती है, लिखावट भी बिगड़ी हुई है. घर में कोई देखता नहीं क्या?" मी खाली बघत उभी राहिले. परतताना रेवानं माझं बोट सोडलं आणि म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांना पाठव." एवढंसं बोलणं, पण ते मला जेवू देईना. पोरगी मागे पडेल ही भीती होतीच, पण ती माझ्यापासून लांब जाईल, ही भीती त्याहून मोठी होती.

त्याच संध्याकाळी मी तिला दारात घेऊन बसले. मला जसं आठवत होतं तसं शिकवू लागले. आधी पट्टी धरून पानभर आडव्या रेघा मारायच्या, मग त्यांना अक्षरं लटकवायची. सगळे शब्द एकमेकांना चिकटले, अक्षरं खाली लोंबायला लागली, रेवा मुसमुसायला लागली. समोरच्या दारातून ताईंचा आवाज आला, "काय गं सुमन, दोरी बांधून कपडे वाळत घालताय का मायलेकी?" रेवा रडता रडता हसली. मी मात्र लाजून आत पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी घालत होते. ताई येऊन शेजारी उकिडव्या बसल्या. "आधी काय काढतेस?"

"ठिपके."

"आणि रेघा?"

"मागून."

"मग झालं की! अक्षर आधी लिहायचं, डोक्यावरची रेघ शब्द पुरा झाल्यावर. आणि ही चिमूट बघ तुझी. खालून मधलं बोट टेकलं की पेन्सिल अशीच धरायची असते. तुला येतंय सगळं. आता तिला रांगोळी दे हातात."

मग कितीतरी दिवस माझ्या रांगोळीशेजारी रेवाची छोटी वाकडी रांगोळी असायची. दूधवाले भैया सायकल वळवून घ्यायचे आणि म्हणायचे, "बिटिया, हमाए लाने रस्ता तो छोड़ दो." हळूहळू तिचं बोट स्थिरावलं, आणि मग अक्षरही.

मुलांकडून वाचून कसं घ्यायचं, ते मात्र ताईंनी आम्हा आयांनाच शिकवलं. दुपारी त्यांच्या ओसरीवर आम्ही डाळ-तांदूळ निवडायला जमायचो. ताई वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसायच्या आणि सांगायच्या, "तुम्ही वाचू नका. मुलाला वाचू द्या, तुम्ही ऐका." शेजारची गुड्डीची अम्मा म्हणाली, "दीदी, हमाए लल्ला को तो किताब देखतई नींद आउत है." ताई त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "तो सोने दो ना. थोडा पढ़ेगा, फिर सोएगा. डाँटने का नहीं." मी हळूच विचारलं, "ताई, ती चुकली तर मला कळणार कसं?" त्या म्हणाल्या, "गोष्ट कळेनाशी झाली की समज, काहीतरी चुकलंय. तिलाच विचार, म्हणजे काय गं? ती परत बघेल."

आणि मूल अडलं की ताई लगेच शब्द सांगत नसत. हनुवटीला हात लावून म्हणायच्या, "घे सावकाश. मला कुठं जायचंय?" फारच अडलं तर शब्द सांगून पुढे जायच्या, त्याचा गाजावाजा नाही.

रेवा रोज मी पोळ्या लाटताना वाचू लागली. मी "म्हणजे काय गं?" विचारलं की मोठ्या रुबाबात समजावून सांगायची. पुढच्या वेळी शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा तिनंच माझा पदर ओढला. "आई, तू चल. मॅडमना सांग, मी वाचते आणि तू ऐकतेस." वर्गाच्या दारापर्यंत तिनं माझं बोट सोडलं नाही. आता ती पुण्याला नोकरी करते.

ज्या दिवशी ताई भोपाळला निघाल्या, त्या दुपारी मी भेटायला गेले. डोळ्यांनी त्यांना धूसर दिसत होतं. पेपरच्या पुरवणीचं पान माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाच की जरा." मी कुणासमोर कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. एका लांब शब्दाशी अडले. भरलेली बॅग त्यांच्या पायाशी होती. मोढ्यावर डोळे मिटून बसलेल्या ताई म्हणाल्या, "घे सावकाश. मला कुठं जायचंय?" शब्द आला. अर्धा लेख झाला, तेवढ्यात सामान न्यायला माणूस आला. "उरलेलं आल्यावर," त्या म्हणाल्या…

परवा मुलानं येऊन ताईंचं बंद घर उघडलं. "मावशी, जो चाहिए रख लो." मी मोढा आणला. दुपारी तो समोर ठेवते आणि तेच पान काढून मोठ्यानं वाचते. आम्ही जिथं थांबलो, तिथपर्यंत आता एकदाही अडत नाही. पुढची ओळ आली की पानाची घडी घालते. मग मोढ्याकडे बघत बसते… सावकाश घेईन. मला तरी कुठं जायचंय?