थोरल्यांचा मफलर

काल चौकात दोन पक्षांच्या प्रचारफेऱ्या समोरासमोर अडकल्या. एका जीपवर थोरले सरंजामे, दुसरीवर त्यांचाच धाकटा भाऊ. त्यांच्या आजोबांनी इथे कापसाची पहिली जिनिंग गिरणी काढली, पहिले नगराध्यक्षही तेच झाले. गावाचं शहर झालं, उड्डाणपूल आला, तरी मत देताना आम्ही अजून त्याच घरातला एक भाऊ निवडतो.

घोषणांनी कान किटले होते. तेवढ्यात थोरले खाली उतरले, गळ्यातला मफलर काढून त्यांनी धाकट्याच्या हातात दिला.

"बांध. कालपासून खोकतोयस."

त्याने तो बांधला. दोन्ही जीप आपापल्या वाटेने गेल्या, घोषणा पुन्हा सुरू झाल्या.

साधी माया होती ती, पण तेव्हापासून मला चैन नाही. गेल्या निवडणुकीत मी थोरल्यांसाठी भांडलो, माझा भाऊ धाकट्यांसाठी. आमचं घर एकच होतं. आता मधे भिंत आहे आणि बोलणं बंद आहे.

आज सकाळपासून भिंतीपलीकडे भाऊ खोकतोय. मी येरझारा घालतोय. माझा मफलर अजून खुंटीलाच आहे.