गुहा तयार होईपर्यंत

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या साइटवरच्या पहिल्या गुहेत हायड्रोजन भरायला सुरुवात झाली. गुहा तयार झाली की पत्नी आणि मुलगी दूर पूर्वेकडच्या नेपरव्हिलच्या आमच्या घरून माझ्याकडे राहायला येतील, असं आमच्यात ठरलं होतं.

पुण्यात मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. इथे परदेशात, पश्चिमेकडच्या वाळवंटात, साइटचे रोजचे अहवाल लिहितो. उन्हावर तयार झालेली जास्तीची वीज वापरून पाण्यापासून हायड्रोजन काढायचा आणि लागेपर्यंत जमिनीखाली ठेवायचा, असं हे काम आहे. खाली खोलवर मिठाचा प्रचंड थर आहे. मिठातून वायू सहसा झिरपत नाही. या थरात विहीर खणून गोडं पाणी सोडतात, मीठ विरघळतं, खारं पाणी वर काढतात. उरते ती गुहा. तिच्यात माणूस उतरत नाही. आकार ध्वनिलहरींनी मोजतात आणि पडद्यावर पाहतात.

गुहेचं काम सुरू झालं तेव्हा जवळच्या गावात मी दोन बेडरूमचं घर घेतलं. एका खोलीत मुलीसाठी टेबल आणून ठेवलं. ती तेव्हा सातवीत होती. ड्रिलिंगवाल्यांनी दिलेला मिठाचा एक तुकडा मी तिला पोस्टाने पाठवला. तिने तो किचनच्या खिडकीत ठेवला. जुलैमध्ये पत्नीचा फोन आला.

"तुझ्या मिठाला घाम फुटलाय. खाली बशी ठेवलीय मी."

"तिकडे दमट आहे. इथे कोरडा राहिला असता."

"मग इथे कशाला पाठवलास?"

त्या हिवाळ्यात मोजणीत दिसलं की एका बाजूला न विरघळणाऱ्या दगडाचा कंगोरा बाहेर राहिला आहे. पाइप वर घेऊन काम पुन्हा सुरू करावं लागणार होतं. मी फोनवर तसं सांगितलं.

"म्हणजे कधी?" पत्नीने विचारलं.

"कन्फर्म झालं की सांगतो."

"अरे, अंदाज तरी दे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचेत, ऑर्केस्ट्राची ऑडिशन आहे. मी तिला काय सांगू, यार?"

"अजून कोणीच तारीख दिलेली नाही."

"तू ना, घरीसुद्धा बातम्याच देतोस."

अंदाज मी दिला नाही. ऑडिशन झाली, मुलीची निवड झाली. पत्नी पुढे बरेच महिने रविवारच्या फोनवर "कधी" असं विचारायची. मग विचारेनाशी झाली. आम्ही हवा, बर्फ, गाडीचे टायर यांबद्दल बोलायचो. फोन झाल्यावर मी भात लावायचो. एकट्यापुरता कुकर लावायचा कंटाळा यायचा, म्हणून दोन वेळचा लावायचो.

कंगोऱ्यावरून काम पुढे सरकलं. गुहेची गळतीची चाचणी झाली, दाब स्थिर राहिला. ते लेखी आल्यावर मी नेपरव्हिलला फोन केला आणि तारीख सांगितली.

"कन्फर्म?" पत्नी म्हणाली.

"कन्फर्म."

"ती आता नववीत आहे. शाळा सुरू झालीय. आधी दोन दिवस येऊन बघतो."

वायू भरायला सुरुवात झाल्यानंतरच्या शनिवारी दोघी आल्या. मी त्यांना कुंपणापर्यंत नेलं. आत एक जाड पाइप, त्यावर व्हॉल्व्ह आणि बाजूला पांढरी खडी होती.

"बाबा, दॅट्स इट?" मुलगी म्हणाली.

"गुहा खाली आहे."

"हॅव यू सीन इट?"

"स्क्रीनवर. प्रत्यक्ष कोणीच पाहिलेली नाही."

तिने फोटो काढला नाही. परतताना गाडीत पत्नी म्हणाली, "आता तूच विचार तिला." मी विचारलं, इकडे येशील का. मुलगी म्हणाली, "आय हॅव कॉन्सर्ट्स, बाबा. यू कॅन कम."

रविवारी निघण्यापूर्वी पत्नीने बॅगेतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून मुलीच्या हातात दिलं. मिठाचा तुकडा होता. कडा विरघळून तो लहान झाला होता. मुलीने तो मी तिच्यासाठी आणलेल्या टेबलावर ठेवला. पंचा पत्नीने परत घेतला.

डिसेंबरमध्ये नेपरव्हिलच्या घराच्या भाडेकराराचं नूतनीकरण झालं. तुकडा टेबलावर आहे. त्याखाली मी बशी ठेवलेली नाही. तो कोरडा आहे.