काकांचे उंदीर

आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मीच पहिला. कुणाबद्दल लिहायची माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

यवतमाळला आमच्या कॉलेजात, ज्यांना सगळे काका म्हणत ते शिपाई प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळायचे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात बनणारं द्रव्य नर उंदरांना टोचलं, तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं प्रजननाचं संप्रेरक घटतं का, हे मला तपासायचं होतं. माझे आकडे दर वेळी वेगळेच येत. माझ्या मार्गदर्शक सरांनी शेवटची संधी दिली.

काका म्हणाले, "बाबू, तू आला का उंदीर भेऊन राह्यले. भेलेलं रक्त खरं कायले बोलन?"

त्यांनी मला महिनाभर रोज सकाळी पिंजऱ्यात नुसता हात ठेवून बसवलं. भाव नाही म्हणून घाटंजीला आपल्या गावच्या घरी पडून राहिलेला कापूस आणून ते उंदरांखाली अंथरायचे. "त्याइले तरी ऊब लागू दे."

मग आकडे जुळले. संप्रेरक खरंच घटलं होतं.

माझा प्रबंध मंजूर झाला तोवर काका निवृत्त होऊन गावी गेले होते. मी फोन करून त्यांना सांगितलं. मग आत काकूंना सांगताना ऐकू आले, "ऐकलं का वो, आपले उंदीर पास झाले."