पोर्ट ऑफ स्पेनला खायचं कुठं?

मलकापुरातल्या मावशींचा भज्यांचा गाडा कुणाच्या तरी तक्रारीवरून उठणार होता, म्हणून आम्ही चौकात 'गाडा वाचवा'ची पत्रकं वाटत होतो. एक गृहस्थ त्या गाड्यावर रोज सकाळी यायचे. पांढरे बूट, सोनेरी घड्याळ. लेकाकडं कॅरिबियनमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला राहून आलेले. नाव मी विचारलं नाही. त्यांनी तरी माझं कुठं विचारलं?

तोंडात भजं धरूनच ते मार्गदर्शन करायचे. "गड्या, तिथं गेलास तर हाटेलात न्हाई शिरायचं. रस्त्यावर, गाड्यापाशी उभं ऱ्हायाचं. मऊ पुरीवर छोले, वर आंब्याची चटणी. डबल्स म्हणत्यात. सायेब, मजूर, समदी एकाच रांगेत. लय भारी!" मग पाची बोटं जुळवून डोळे मिटायचे.

मला वाटलं, हा तर आमचाच माणूस!

"मग काका, ह्या गाड्यासाठी सही करा की."

"सही? आरं, तक्रार मीच केलीया. बंगल्यासमोर वास मारतोय."

"आणि तिथं?"

"तिथं ती संस्कृती हाय!"

धन्य! म्हणजे समुद्र ओलांडला की तळणीचा वास संस्कृती होतो.

काकांनी माझ्या पत्रकाला तेलकट बोटं पुसली आणि बशी पुढं केली. "बाई, आणखी चार वाढ. कुरकुरीत बघून."

मावशींनी झारा निथळला. "खावा सायेब. आज शेवटचा घाणा. उद्या गाडा उचलत्यात."

काकांचा हात बशीतच थांबला. "आँ? मग उद्यापास्नं आमी खायचं कुठं?"

मी म्हणालो, "पोर्ट ऑफ स्पेनला."