लवंगबाई

आमच्या बाईंना मासळीचा वास मुळीच सोसत नसे, आणि बदली होऊन आल्या त्या नेमक्या आमच्या बंदरावरच्या शाळेत. शाळेच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडे सुकट वाळत घातलेली असायची. वारा तिकडून आला की बाई फळ्याकडे तोंड करत, पिशवीतून छोटी डबी काढत आणि एक लवंग दाढेखाली धरत. आठ दिवसांत आम्ही त्यांचं नाव लवंगबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लसूणबाई नाही म्हटलंत, उपकार झाले."

बाई पाली गावच्या. रोज सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. घरी सगळे शाकाहारी. सुरुवातीला त्या वाडीत पाऊल टाकत नसत. स्टॉप ते शाळा, शाळा ते स्टॉप. आणि त्यांच्याकडे एक लाल पेन होतं, त्याची आम्हाला भीती वाटायची.

चौथीत, गणपतीच्या सुट्टीनंतर, त्यांनी आम्हाला परिसरातल्या एका प्राण्याची माहिती लिहायला सांगितली. मी शिंगाळ्यावर लिहिलं. आमच्या बाबांच्या जाळ्यात तो नेहमी मिळायचा. मी लिहिलं होतं, 'शिंगाळा आपली अंडी तोंडात सांभाळतो.' वही परत आली तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'मासे अंडी पाण्यात घालतात. मनाचे लिहू नये.' बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवलं. पोरं हसली. माझ्या शेजारचा बाब्या हसला, ज्याच्या घरी रोज शिंगाळा शिजायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. आईने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. तशीही चौथीनंतर ती मला बाजारात आपल्याबरोबर बसवणारच होती. सात-आठ महिने आधी, एवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी बाई आमच्या दारात उभ्या! नाकाला रुमाल, कपाळावर घाम. आई ओट्यावर मासळी साफ करत होती. ती उठली नाही.

"रेश्मा शाळेत येत नाही," बाई म्हणाल्या.

"नाय येनार. तुमी तिला खोटी म्हनलाव."

"खोटी नाही हो म्हटलं. पण मासा तोंडात अंडी कशी—"

आईने पाटीतला एक शिंगाळा उचलला, दोन बोटांनी त्याचा जबडा फाकला आणि बाईंच्या पुढे धरला. आत बोराएवढी पिवळी अंडी गच्च भरली होती.

"ह्यो बापूस हाय, आई नाय," आई म्हणाली. "पिल्लां सुटूपर्यंत ह्याच्या पोटात काय जात नाय. उपाशी ऱ्हातो."

बाई वाकल्या. मग रुमाल बाजूला केला आणि आणखी वाकल्या. कितीतरी वेळ त्या माशाच्या तोंडात बघत राहिल्या. "उपाशी राहतो?" त्यांनी हळूच विचारलं. आईने मान हलवली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "रेश्मा, ही उपाशी राहण्याची गोष्ट तू का नाही लिहिलीस?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं. "ही चूक माझी होती. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही," असं सरळ सांगितलं. मास्तर माणूस पोरांसमोर असं बोलतो हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. हसावं की रडावं कळेना, म्हणून बाब्याने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर लाल पेन गेलं. बाई म्हणाल्या, "ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त करायचं." प्रत्येकाच्या हातात शिसपेन्सिल. आधी आपलं आपण वाचायचं. मग शेजाऱ्याने डोळे मिटायचे, आपण वाचायचं, आणि त्याला काय दिसलं ते विचारायचं. त्याला काही दिसलं नाही तर तिथे खूण. मग घरी जाऊन, ज्याला तो प्राणी ठाऊक आहे त्याला वाचून दाखवायचं. "ते हसले तर रुसू नका. काय चुकलं ते विचारून या."

बाब्याने लिहिलं होतं, 'शेळीला चार पाय असतात.' बाई म्हणाल्या, "हे शेळीलाही ठाऊक आहे. तुला एकट्याला काय ठाऊक आहे?" तो दोन दिवस विचार करत बसला. मग लिहून आणलं, 'आमची शेळी पाऊस यायच्या आधी पडवीत येऊन उभी राहते आणि आजीला हाक मारते.' मग 'हाक मारते' स्वतःच खोडून 'आजी येईपर्यंत ओरडते' केलं. बाईंनी त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याची पेन्सिल खाली पडली.

स्वतःचं वाक्य खोडताना सगळ्यांच्याच जिवावर यायचं. मग बाई म्हणायच्या, "वाक्य कापलं म्हणून नाक कापलं जात नाही."

चौथीनंतर मला घरी बसवायचा विषय निघाला तेव्हा बाई पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आईला उपदेश केला नाही. आईच्या हातचा कोरा चहा प्यायल्या, बाजारभाव विचारला, आणि उठताना म्हणाल्या, "तुम्ही मला शिकवलंत. हिला मला थोडं शिकवू द्या." जूनमध्ये आईनेच मला पाचवीत नेऊन घातलं.

पुढे मी शिक्षिका झाले. लांज्याच्या बाजूला एका छोट्या शाळेत लागले. पहिल्याच वर्षी मुलांचे प्राण्यांवरचे कागद घेऊन पालीला बाईंकडे गेले. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली होती. मी वाचत होते, त्या ऐकत होत्या. मला वाटलं, त्या वाक्यांबद्दल बोलतील. त्या प्रत्येक कागदानंतर एकच विचारायच्या, "ह्याच्या घरी कोण कोण असतं?" एकोणीस मुलांपैकी सात जणांचं मला सांगता आलं नाही.

"मग कागद राहू देत," बाई म्हणाल्या. "आधी त्या सात घरी जाऊन ये."

एसटी येईपर्यंत त्या भाचीचा हात धरून रस्त्यापर्यंत आल्या. गाडी हलली तरी माझ्या खिडकीऐवजी पुढच्याच खिडकीकडे बघून हात हलवत होत्या.

परत आल्यावर रोज शाळा सुटली की एकेक घर करत गेले. कुठे आजी-आजोबाच, बाप मुंबईला. कुठे आई काजूच्या कारखान्यात, पोरगी चूल सांभाळणारी. सातव्या घरी म्हशीवर लिहिणारी सोनल राहायची. तिच्या गोठ्याच्या दारात उभी असताना फोन वाजला. बाईंची भाची होती. बाई दुपारी गेल्या.

मी फोन ठेवला. सोनलने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि घरचं सांगता सांगता अर्ध्यावर थांबून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाई, काय झालं?"

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. "काही नाही गं," म्हटलं. "तू सांग. मी ऐकतेय."