जेनेटमावशीची पुढची खोली

देशभर गाजलेले प्रवचनकार आमच्या ब्रिनग्लास गावच्या चॅपेलमध्ये, म्हणजे साध्याशा प्रार्थनाघरात, बोलून गेले. पण त्यांना खरं ओळखायची ती जेनेटमावशी. चॅपेलला लागून असलेल्या घरात ती राहायची, बाक पुसायची, शेगडी पेटवायची आणि पाहुण्या प्रवचनकाराला खाऊपिऊ घालायची. घर चॅपेलचं होतं. या कामाच्या बदल्यातच ते तिला मिळालं होतं.

पुढच्या खोलीत त्या थोरामोठ्यांच्या तसबिरी टांगलेल्या. कुणी पार्लमेंटात गेलेला, कुणी शेतकऱ्यांसाठी तुरुंगात. त्यांच्यावरून फडकं फिरवत मावशी सांगायची, “हे दाढीवाले बघ. बोलायला उभे राहिले की सिंह! आणि इथे अंडं जरा जास्त उकडलं की रडकुंडीला.” त्या खोलीत गावातलं कुणी बसत नसे. तिथली निळी कपबशी फक्त प्रवचनकारांची.

मावशीने बहिणीची अनाथ पोरगी वाढवली होती, गेनॉर. ती वरच्या मळ्यावर कामाला होती. एका खलाशाने तिला लग्नाचं वचन दिलं आणि तो बोटीवर चढून गेला. गेनॉरला दिवस गेले होते. अशा मुलीचं नाव चॅपेलच्या मंगळवारच्या सभेत घ्यायचं, तिला काढून टाकायला सभासदांनी हात वर करायचे आणि तिने सगळ्यांदेखत एकटीने उठून बाहेर जायचं, ही आमची रीत. त्यानंतर तिला ना चॅपेलमध्ये जागा, ना कुणाच्या घरी काम. खलाशाचं नाव मात्र कुणी विचारलंही नाही. माझं अजून डोकं फिरतं.

त्या मंगळवारी प्रवचनकार एझ्रा प्रॉसर गावात होते. त्यांचं नाव ऐकून लोक डोंगर ओलांडून यायचे. पंचांनी सभा त्यांच्याच हाती दिली. चॅपेलचे मोठे पंच टुडुर ह्यूज दुकानदार. त्यांनी नाव वाचलं, प्रॉसरांनी हात वर करायला सांगितलं आणि स्वतःचाही केला. सगळे हात वर गेले. गेनॉर उठली, पण बाकाची कड धरून तिथेच उभी राहिली. तेवढ्यात मागून जेनेटमावशी आली आणि तिने पोरीचा दंड धरला.

“जेनेट, तिने एकटीने जायचं असतं,” ह्यूज म्हणाले.

“तिला एकटीला मी कधी सोडलं होतं, टुडुर?”

दोघी बाहेर पडल्या.

सभा आटोपून प्रॉसर जेवायला मावशीच्या घरी आले, तर पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर गेनॉर बसलेली आणि त्यांच्यासाठी शिजवलेली कोंबडी तिच्या पुढ्यात. प्रॉसर दारातच थबकले.

“मी हात वर केला, जेनेटबाई. रीत आहे.”

“पाहिलं मी. आता त्याच हाताने किटली उचला. पोरीला चहा हवाय.”

एवढा मोठा माणूस, पण निमूट आत आला. त्याने निळ्या कपात चहा ओतला. थोडा बशीत सांडलाच.

दुसऱ्या दिवशी प्रॉसर गाव सोडून गेले. गावभर ही गोष्ट पसरली आणि ह्यूजांचा पारा चढला. बाहेर काढलेल्या मुलीला प्रवचनकारांच्या खुर्चीवर बसवलं म्हणजे काय! पुढच्या मंगळवारी त्यांनी जेनेटमावशीचंच नाव सभेपुढे ठेवलं. सभासदांतून नाव गेलं की घरही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“हात वर करा,” ह्यूज म्हणाले.

इथल्या कोणत्या घरी मावशीने आजारपणात रात्र काढली नव्हती? बाया मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. खाणीतले आडदांड बाप्ये टोप्या चुरगाळू लागले. ह्यूजांनी पुन्हा विचारलं. एकही हात वर गेला नाही.

आता मावशी घरी जाईल, असं वाटलं. ती उभी राहिली, पण जागेवरून हलली नाही.

“माझं झालं. आता गेनॉरचं परत विचारा. पोरगी बाहेर पायरीवर उभी आहे. वारा झोंबतोय, आणि आता ती एकटी नाही.”

ह्यूजांनी नावाचा कागद मिटला. मग पहिल्या बाकावरून त्यांची बायको, ग्रेस ह्यूज, उठली. जन्मात सभेत तोंड न उघडलेली बाई. नवऱ्याकडे न बघता ती सगळ्यांदेखत चालत गेली आणि तिने दार उघडलं.

“ये गं,” ती म्हणाली, “माझ्या शेजारी बस.”