ताईनं डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं

शिवणकारखानावाल्या ताईनं दारूबंदीचा ध्यास घेतला तो धाकट्या भावापायी. तो तिच्याच कारखान्यात कटिंग मास्तर. नजर अशी, की कापडाकडे नुसतं बघून सांगायचा, "शर्ट निघेल, कॉलर निघणार नाही." पण संध्याकाळ झाली की पावलं गुत्त्याकडे! ताईनं दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले. अखेर सगळ्या शहरात बंदी आली. लोक तिला 'दारूबंदीवाल्या ताई' म्हणू लागले आणि खोटं कशाला बोला, बाईला ते आवडायचं.

पहिले दोन महिने खरंच बरे गेले. भांडणं कमी झाली, भाऊ वेळेवर घरी येऊ लागला. मग कुणीतरी गुपचूप प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून दारू विकायला लागलं. बाटलीवर निदान लेबल असायचं. पिशवीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. आणि विचारायचं तरी कुणाला? तोंड उघडलं की बेड्या.

एका सकाळी भाऊ कटिंगचं टेबल धरून उभा राहिला. "ताई, ट्यूब लावली नाहीस का गं? सगळं धुरकट दिसतंय." ट्यूब तर डोक्यावर चालू होती! पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. वासावरून ताई काय ते समजली आणि गाडी करून त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "काही प्यायलेत का? खरं सांगा, त्यावर औषध ठरतं."

दारात पोलीस उभा होता. बाकावर ताईच्याच दारूबंदी समितीतल्या दोघी बसल्या होत्या. उद्या गावभर होईल, आधी स्वतःचं घर सांभाळा म्हणावं! ताई पटकन म्हणाली, "छे हो, आमच्याकडे तसलं काही नाही. काल उरलेलं खाल्लं, तेच बाधलं असेल."

काय अवदसा आठवली बाईला! दुपारपर्यंत पोटाचेच उपचार चालले. तीन वाजता त्याला स्वतःचा हात दिसेना, तेव्हा कुठे ताईनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरून खरं सांगितलं. जीव वाचला, डोळे गेले.

याला वर्ष झालं. बंदी आहे, पिशव्याही आहेत. भाऊ थेंबाला हात लावत नाही. आल्यागेल्याला सांगतो, "ताई होती म्हणून वाचलो." ते ऐकलं की ताईला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद होत्या. दोघंच होते. ताईला राहवेना.

"मी खोटं बोलले रे. पाच तास गप्प बसले. माझं नाव राहावं म्हणून तुझे डोळे घालवले."

"ठाऊक आहे," भाऊ म्हणाला. "मी शुद्धीत होतो. सगळं ऐकत होतो."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" ताईला हुंदका आवरेना.

"चारचौघांत तुझी मान खाली गेली असती गं. म्हटलं, उलट्या थांबल्या की होईन बरा."